मेंदूच्या पेशींना खुराक कोण घालतं?

खोडरबर

बाबांचं अक्षर बारीक झालं ते आधी दुधाच्या वहीत. ओळीच्या सुरुवातीला 'दीड लि.' ठसठशीत आणि शेवटी पोचेपर्यंत मुंगीएवढं. हात थरथरायला लागायच्या वर्षभर आधीची गोष्ट. आम्ही काय केलं, तर त्यांच्या चष्म्याचा नंबर बदलून आणला.

पुढे कंपवाताचं (पार्किन्सन) निदान झालं, त्याला आता चार वर्षं होतील. सिंडोपाची गोळी चालू आहे. मागच्या महिन्यात एका ठिकाणी (नाव नको) त्यांना दहा दिवसांचा इंजेक्शनचा कोर्स सुचवला. "यात मेंदूच्या वाढीचे घटक असतात, पेशींना खत घातल्यासारखं आहे," असं सांगितलं. आकडा ऐकून आईने माझ्याकडे पाहिलं, कारण घरात जीवशास्त्र शिकवणारा मी. अकरावी-बारावीच्या पोरांना दोन तास बडबडणारा माणूस, पण या 'वाढीच्या घटकां'बद्दल धड चार वाक्यं बोलता येईनात. मग सुट्टीत वाचत बसलो. जे सापडलं ते इथे टाकतो. चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

सुरुवात इटलीतल्या तुरीन शहरात होते. रीता लेव्ही-मोंताल्चिनी. जन्म १९०९, शिक्षणाने डॉक्टर, जन्माने ज्यू. १९३८ मध्ये मुसोलिनीने वंशाचे कायदे आणले आणि ज्यूंना विद्यापीठाची दारं बंद झाली. बाईंनी आपल्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुया घासून घासून त्यांची सूक्ष्म हत्यारं केली, घड्याळजीचे चिमटे आणले, आणि प्रयोगाला कोंबडीची अंडी. बॉम्ब पडायला लागल्यावर सगळं कुटुंब खेड्यात गेलं. तिथे सायकलवरून शेतकऱ्यांकडे जाऊन 'बाळांसाठी' म्हणून फलित अंडी मागायच्या. बाळं कुठली, लग्नही केलं नव्हतं. काम झाल्यावर उरलेलं अंडं स्वयंपाकघरात जायचं. लढाईचे दिवस, टाकणार कोण!

प्रश्न असा होता. कोंबडीच्या गर्भातून पाय फुटणारा कोंब काढून टाकला, तर त्या पायाकडे जाणाऱ्या चेतापेशी कमी का होतात? व्हिक्टर हॅम्बर्गर या जर्मन शास्त्रज्ञाने १९३४ मध्ये हा प्रयोग केला होता. त्याचं म्हणणं, पायाकडून संदेश न आल्याने पेशी तयारच होत नाहीत. बाईंनी एकेका दिवसाच्या गर्भाचे पातळ काप काढून पाहिले. पेशी तयार होत होत्या, पायाच्या दिशेने निघतही होत्या. आणि नंतर मरत होत्या.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. पेशी जन्माला येते, वाट चालते, आणि पलीकडे कुणी वाढायला नाही म्हणून उपाशी मरते. 'खुराक' हा शब्द मला तिथे सुचला.

युद्धानंतर हॅम्बर्गरनेच त्यांना अमेरिकेत सेंट लुईसला बोलावलं. एका सत्रासाठी गेल्या आणि तीसेक वर्षं तिथे काम केलं. उंदराच्या एका कर्करोगाच्या गाठीचा तुकडा गर्भात लावला की चेतातंतू त्या गाठीकडे सैरावैरा धावतात, हे त्यांनी पाहिलं. गाठीचा गर्भाला थेट स्पर्श नसला तरी तेच होतं, म्हणजे गाठीतून काहीतरी पाझरतंय. १९५२ मध्ये गाठ असलेले उंदीर खोक्यात घालून विमानाने थेट रिओ दि जानेरोला नेले, कारण काचेत पेशी वाढवायची सोय तिथल्या मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत होती. गाठीचा तुकडा चेतापेशींच्या गुच्छाजवळ ठेवला, आणि काही तासांत गुच्छाला चहूबाजूंनी तंतू फुटले. फोटोत दिसतं ते अगदी कदंबाचं फूल.

तो पाझरणारा पदार्थ म्हणजे एनजीएफ, चेतावृद्धी घटक.

बाकी उद्या. बाबांच्या गोळीची वेळ झाली.

अर्धा_कप

वाचनखूण साठवली आहे. पण अंड्याचं ऑम्लेट करून खाणाऱ्या शास्त्रज्ञ बाई एकदम आपल्या वाटल्या.

तिरफळ

खोडरबर, छान लिहिलंय. मी याच विषयातल्या एका प्रयोगशाळेत अकरा वर्षं घालवली (आता सोडलं), त्यामुळे राहवत नाही.

तुम्ही सापाचा किस्सा गाळलात! बाईंच्या जोडीला स्टॅन्ली कोहेन नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. गाठीतला सक्रिय पदार्थ प्रथिन आहे की न्यूक्लिक आम्ल, हे ठरवायला त्याने नमुन्यात सापाचं विष घातलं. विषातलं विकर (एन्झाइम) न्यूक्लिक आम्ल तोडतं, म्हणजे परिणाम थांबला तर उत्तर मिळालं असतं. झालं उलटंच. विष घातलेल्या बशीत तंतू आणखी जोमाने फुटले. विषातच एनजीएफ ठासून भरलेलं! मग त्याने विचार केला की विषाची ग्रंथी म्हणजे एक प्रकारची लाळग्रंथीच. उंदराची लाळग्रंथी तपासली, तर नराच्या ग्रंथीत घबाड. एनजीएफविरुद्धची प्रतिद्रव्यं (अँटीबॉडी) नवजात उंदरांना टोचली, तेव्हा त्यांच्या अनुकंपी चेतासंस्थेतले (शरीराची आपोआप चालणारी कामं बघणाऱ्या चेतांपैकी एक भाग) चेतापेशींचे गुच्छ जवळजवळ नाहीसे झाले. खुराक तोडला की पेशी मरते याचा यापेक्षा थेट पुरावा नको.

१९८६ चं नोबेल दोघांना मिळालं. हॅम्बर्गरला वगळलं, आणि त्यावर बरीच कुजबुज झाली. मला विचाराल तर तिघांना द्यायला हवं होतं.

आता खुराकाबद्दल. तुमची उपमा चांगली आहे पण एक गोष्ट सुटते. खाणं तोंडाशी आलं की संपलं, असं इथे नाही. तंतूच्या टोकाला एनजीएफ त्याच्या ग्राहीला (रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची त्याला धरणारी जागा) चिकटतो. मग ती जोडी एका बारीक पिशवीत बंद होते आणि तंतूच्या आतल्या रुळांवरून, मोटर प्रथिनांच्या पाठीवर बसून, पेशीच्या मुख्य देहापर्यंत प्रवास करते. पायाच्या चेतेत हे अंतर मीटरभर भरतं. 'टोकाला सगळं ठीक आहे, जगा' हा निरोप केंद्रकाला मिळाला तर पेशी जगते. म्हणून मी याला खुराकापेक्षा मनीऑर्डर म्हणेन. मुंबईच्या गिरणीतून मुलाने पाठवलेली. पैसे तर हवेतच, पण ती आली म्हणजे पोरगा खुशाल आहे हेही कळतं.

खोडरबर

मनीऑर्डर!! उद्या वर्गात वापरणार.

रानवाट

आमच्याकडे खाजकुइलीच्या बिया दुधात शिजवून देतात कंपवाताला. त्यात हाच घटक असतो का?

कोकणकडा

@रानवाट, नाही. खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असतं, म्हणजे सिंडोपातलंच मुख्य औषध. १९३७ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी ते त्या बियांतून वेगळं काढलं होतं. ते डोपामिनची (हालचालींचे निरोप नेणारं मेंदूतलं रसायन) भर घालतं, पेशीला जगवत नाही. गोळी चालू असताना वरून बिया खाल्ल्या तर मात्रेचा हिशेब कोलमडतो, तेव्हा परस्पर नको.

मी मज्जाविकारांचे रुग्ण पाहतो. धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो.

कंपवातात मेंदूच्या तळाशी असलेल्या काळसर भागातल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. हाताची थरथर डोळ्यांना दिसेपर्यंत तिथली बरीच पडझड होऊन गेलेली असते. १९९३ मध्ये कोलोरॅडोतल्या एका कंपनीच्या शास्त्रज्ञांना असं एक प्रथिन सापडलं जे नेमक्या याच पेशींना काचेत जगवतं. ग्लिया पेशींपासून (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी) मिळालं म्हणून नाव जीडीएनएफ. माकडांतही फरक दिसला. तेव्हा आमच्या क्षेत्रात जो उत्साह होता तो आता सांगूनही खरा वाटायचा नाही.

अडचण एकच, पण डोंगराएवढी. हे प्रथिन गोळीतून द्यावं तर पोटात पचून जातं. शिरेतून द्यावं तर रक्त आणि मेंदूमधली भिंत त्याला आत सोडत नाही. मेंदूच्या पोकळीतल्या द्रवात सोडून पाहिलं. रुग्णांना मळमळ झाली, वजन घटलं, फायदा शून्य, कारण पोकळीतून ते खोल ऊतींत झिरपलंच नाही. मग इंग्लंडात ब्रिस्टलला थेट मेंदूच्या पुटामेन भागात (जिथे या पेशींचं डोपामिन पोचतं) नळी घालून पाच रुग्णांना दिलं. २००३ मध्ये निकाल आला, पाचही जणांत सुधारणा. पण त्यात औषध मिळतंय हे रुग्णालाही माहीत होतं आणि डॉक्टरलाही. पुढच्याच वर्षी ३४ जणांची मोठी चाचणी झाली, त्यात काहींना नुसतं पाणी. दोन गटांत म्हणावा असा फरक नाही. काहींच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार झाली, जास्त मात्रा दिलेल्या काही माकडांच्या लहान मेंदूत इजा दिसली, आणि कंपनीने काम थांबवलं. ज्या रुग्णांना बरं वाटत होतं ते औषध मागायला कोर्टात गेले आणि हरले.

ब्रिस्टलवाल्यांनी हट्ट सोडला नाही. ४१ रुग्ण, डोक्यात यंत्रमानवाच्या मदतीने बसवलेल्या चार नळ्या, कानामागे हाडात टायटॅनियमचं बटण. दर चार आठवड्यांनी त्यातून औषध. २०१९ चा निकाल: नऊ महिन्यांनी हालचालींच्या तपासणीत औषधवाल्यांत १७ टक्के सुधारणा आणि पाणीवाल्यांत १२ टक्के. हा फरक सिद्ध मानत नाहीत. पण गंमत म्हणजे मेंदूच्या स्कॅनमध्ये औषधवाल्यांच्या पुटामेनमधली डोपामिनची हालचाल स्पष्ट वाढलेली. पेशींनी खाल्लं, अंगी लागलं, पण चालण्यात दिसलं नाही.

इतकं सगळं डोकं उघडून, थेट जागेवर नेमकं प्रथिन देऊन ही गत. मग दंडात टोचलेल्या इंजेक्शनने काय होणार, हे तुम्हीच ठरवा.

पाटावरवंटा

मग ते इंजेक्शन नक्की आहे तरी काय? खोडरबर, डबीवर काय लिहिलंय?

खोडरबर

डबी बाबांच्या फायलीत ठेवली होती, फोटो पाहून लिहितो. डुकराच्या मेंदूपासून केलेले पेप्टाइड. आईला अजून सांगितलेलं नाही. आषाढी पाळणारं घर आमचं.

अर्धा_कप

म्हणजे एवढे पैसे देण्यापेक्षा भेजा मसाला खाल्ला तर?

तिरफळ

अर्धा कप, हसू नका, डुकराच्या मेंदूचा या गोष्टीत मोठा मान आहे. एनजीएफ मेंदूतल्या बहुतेक पेशींवर काम करत नाही, तेव्हा मेंदूचा स्वतःचा घटक कोणता हे शोधायला म्युनिकमध्ये बार्ड, एडगर आणि थोनेन यांनी डुकरांचे मेंदू गाळले. दीड किलो मेंदूतून हाती आलं एक मायक्रोग्रॅम. १९८२ साल. तोच बीडीएनएफ, ज्याच्या नावाने आज यूट्यूबवर प्रत्येक जण 'बूस्टर' विकतोय.

ते प्रमाण डोळ्यांपुढे आणा. दीड किलोत ग्रॅमचा दहा लाखावा भाग. मेंदू हे प्रथिन चमचा-चमचा वापरतच नाही. दोन पेशींमधली जी जोडणी आत्ता काम करतेय तिथेच, तेवढ्यापुरतं पाझरतं. शेजारच्या जोडणीला मिळेलच असं नाही. म्हणून सगळ्या मेंदूत सरसकट ओतणं म्हणजे ठिबक सिंचनाच्या बागेत धरणाचा दरवाजा उघडणं.

आणखी एक खोच. बीडीएनएफ आधी लांबट, कच्च्या रूपात तयार होतो, मग कापला जाऊन पक्का होतो. पक्कं रूप पेशीला जगवतं आणि जोडण्या घट्ट करतं. कच्चं रूप दुसऱ्याच ग्राहीला चिकटतं, आणि तो ग्राही पेशीला मरणाच्या वाटेला लावू शकतो. एकच प्रथिन, कात्री लागली तर अन्न, नाही लागली तर विष. 'बीडीएनएफ वाढवा' म्हणणाऱ्याला विचारा, कुठला?

हंटिंग्टनच्या आजारात (मेंदूच्या पेशी मारणारा आनुवंशिक आजार) तर माल तयार होऊनही पोचत नाही. मेंदूच्या बाहेरच्या सालीत बनणारा बीडीएनएफ आत खोलवरच्या स्ट्रायटम भागापर्यंत न्यायच्या वाहतुकीत बिघडलेलं प्रथिन अडथळा आणतं. मूळ उत्पादनही घटतं ते वेगळंच. आतल्या पेशी स्वतः हे फारसं बनवत नाहीत, त्या सालीवर विसंबून.

कोकणकडा

@खोडरबर, त्या इंजेक्शनबद्दल. पक्षाघातानंतर ते देण्याच्या चाचण्या एकत्र करून कोक्रेनने (उपचारांचे पुरावे तपासणारी संस्था) आढावा घेतला आहे. मृत्यू टाळण्यात फायदा दिसला नाही, आणि जिवावर न बेतणारे पण गंभीर दुष्परिणाम उलट जास्त आढळले. कंपवातासाठी तर मी ते लिहून देत नाही. ज्यांनी सुचवलं त्यांच्याशी भांडू नका, फक्त 'याने नेमकं काय सुधारेल आणि किती दिवसांत दिसेल' एवढं विचारा.

निळावंती

माझ्या सासूबाईंना अल्झायमर आहे. आमच्या इथल्या एका लॅबच्या पॅकेजमध्ये 'बीडीएनएफ पातळी' आली आहे. करून घ्यावी का?

तिरफळ

माझं मत, नको. रक्तातला बहुतेक बीडीएनएफ बिंबाणूंमध्ये, म्हणजे प्लेटलेटमध्ये साठलेला असतो. नमुना किती वेळ ठेवला, रक्त किती गोठलं, यावर आकडा हलतो. मेंदूत काय चाललंय ते त्यावरून कळत नाही.

निळावंती

धन्यवाद. वाचवलेत पैसे. मग व्यायामाने बीडीएनएफ वाढतो म्हणतात तेही थोतांडच का? आम्ही रोज त्यांना सोसायटीत फिरवतो.

तिरफळ

नाही हो, फिरवाच. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात उंदरांना पळायला चाक दिलं, तर हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणींच्या भागात, बीडीएनएफ बनवण्याचा निरोप वाढलेला दिसला. नंतर २०११ मध्ये १२० वयस्कर माणसांवर प्रयोग झाला. निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं चालायला लावलं, निम्म्यांना नुसतं अंग ताणायला. वर्षाने चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस २ टक्के वाढला, दुसऱ्यांचा १.४ टक्के आक्रसला.

दोन सावधगिरीच्या गोष्टी: ही माणसं विसरभोळेपणाच्या आजाराची नव्हती, आणि व्यायामाने शरीरात शंभर गोष्टी बदलतात. श्रेय एकट्या बीडीएनएफला देऊ नका.

पाटावरवंटा

सगळं वाचून माझा प्रश्न. तीस-चाळीस वर्षं, एवढी नोबेलं-बिबेलं, आणि हातात एकही औषध नाही? मोटर न्यूरॉनच्या आजारात माझा मामा गेला. तेव्हाही 'नर्व्ह ग्रोथ'चं काहीतरी येतंय असं ऐकत होतो.

कोकणकडा

मामांबद्दल वाईट वाटलं. त्या आजारात बीडीएनएफची मोठी चाचणी झाली होती, हजाराहून जास्त रुग्ण, कातडीखाली इंजेक्शन. १९९९ मध्ये निकाल छापून आला, उपयोग नाही. सीएनटीएफ म्हणून असंच दुसरं प्रथिन होतं, त्याने रुग्णांची भूक मेली आणि वजन उतरलं.

पण 'एकही नाही' हे बरोबर नाही. एनजीएफचे डोळ्यांत घालायचे थेंब आहेत. बुबुळाच्या चेता मेल्या की पापणीखाली कण गेलेला कळत नाही, जखम भरत नाही, डोळा जाऊ शकतो. त्यावर हे थेंब युरोपात २०१७ मध्ये आणि अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झाले. का चाललं? कारण डोळ्याला भिंत नाही. थेंब टाकला की जागेवर पोचला.

तिरफळ

आणि उलट बाजूही बघा. मोठेपणी एनजीएफ वेदना वाढवतो. ज्या मुलांत त्याच्या ग्राहीचं जनुकच जन्मतः बिघडलेलं असतं त्यांना वेदना कळत नाहीत, घाम येत नाही. जीभ चावतात, हाडं मोडून घेतात. म्हणून कंपन्यांनी गुडघेदुखीसाठी एनजीएफला अडवणारं प्रतिद्रव्य केलं. दुखणं कमी झालं, पण काहींचे सांधे भराभर झिजले. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सल्लागार समितीने १९ विरुद्ध १ मतांनी नको म्हटलं. अल्झायमरमध्ये मेंदूत एनजीएफ सोडलेल्या रुग्णांची पाठ दुखायला लागली, तेही यातलंच.

पुढचा मार्ग प्रथिन देण्याऐवजी त्याचं जनुक निरुपद्रवी विषाणूत भरून नेमक्या जागी सोडायचा, म्हणजे तिथल्या पेशीच खुराक रांधतील. अल्झायमरमध्ये एनजीएफचं जनुक असं देऊन झालं, फायदा झाला नाही. नंतर मृत रुग्णांचे मेंदू तपासले तर कळलं, औषध ज्या पेशींसाठी होतं त्यांच्यापर्यंत पसरलंच नव्हतं. म्हणजे घटक नापास झाला की टपालखातं, हेच ठरलं नाही. आता जीडीएनएफ आणि बीडीएनएफच्या जनुकांच्या चाचण्या चालू आहेत, स्कॅनवर बघत बघत सुई नेतात.

पाटावरवंटा

टपालखातं. बरोबर. मनीऑर्डरीवरच आलं शेवटी.

कोकणकडा

खोडरबर, जाता जाता एक विचारतो. बाबा गोळी कशाबरोबर घेतात? लेव्होडोपा आतड्यातून आत जाताना दूध-डाळीतल्या प्रथिनांशी जागेसाठी झगडतं. बऱ्याच जणांना जेवणाआधी अर्धा-पाऊण तास पाण्याबरोबर घेतली तर फरक पडतो. त्यांच्या डॉक्टरांना विचारून बघा.

खोडरबर

आत्ता विचारलं. दुधाबरोबर. चार वर्षं. घरचं दूध, कपभर, साय न काढता.

खोडरबर

(तीन आठवड्यांनी) धागा वर काढतो. इंजेक्शनचा कोर्स घेतला नाही. तिथे कोकणकडांचा प्रश्न विचारला, तर "वयोमानाप्रमाणे" एवढंच उत्तर मिळालं. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारून गोळी पाण्याबरोबर सुरू केली. सकाळचा चहा आता बशीत कमी सांडतो. रोज नाही, पण आठवड्यातले चार-पाच दिवस. संध्याकाळी मात्र पूर्वीसारखंच.

फिजिओथेरपीच्या ताईंनी अक्षरासाठी रेघा आखलेला कागद वापरायला सांगितला, तर मी पहिलीतल्या मुलांची दुरेघी वही आणली. बाबा आधी चिडले. आता त्यात दुधाचा हिशेब लिहितात, दोन रेघांच्या मधे, जीभ किंचित बाहेर काढून. कालची नोंद: '८ ला गोळी. पाऊण तासाने दूध दीड लि., पैकी मी १ कप.' शेवटचा 'कप' पहिल्या आठाएवढाच आहे.